शीर सापडेपर्यंत

दोन औषधं आहेत. पहिलं शिरेतून देतात, ते सरासरी अडीच मिनिटांत झटके थांबवतं. दुसरं नाकात सोडतात, त्याला तीन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. तापात आकडी येऊन थडथडत असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला यातलं कोणतं द्यावं? कागदावरचं उत्तर उघड आहे. प्रत्यक्षात ते चुकतं, आणि का चुकतं हे एका छोट्या अभ्यासाने फार नेमकेपणाने दाखवलं.

एली लाहाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्राएलमधल्या असाफ हारोफे रुग्णालयात हा अभ्यास केला. २००० साली तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. सहा महिने ते पाच वर्षं वयाची ४७ मुलं, झटक्यांचे एकूण ५२ प्रसंग, आणि प्रत्येक झटका निदान दहा मिनिटं चाललेला. निम्म्या प्रसंगांत शिरेतून डायझेपाम दिलं, निम्म्यांत नाकातून मिडाझोलाम. औषध आत गेल्या क्षणापासून घड्याळ लावलं तर डायझेपाम पुढे होतं : २.५ मिनिटं, मिडाझोलामला ३.१. पण मूल रुग्णालयात पोचल्यापासून मोजलं तेव्हा निकाल उलटला. मिडाझोलाम मिळालेली मुलं सरासरी ६.१ मिनिटांत शांत झाली, डायझेपाम मिळालेल्यांना ८ मिनिटं लागली. धिमं औषध आधी पोचलं, कारण त्याला शीर शोधावी लागली नाही.

दोन मिनिटं म्हणजे काही फार नाही, असं वाटू शकतं. ज्याने गुटगुटीत बाळाला इंट्राकॅथ लावताना पाहिलंय त्याला तसं वाटणार नाही. मनगटाला वळ्या, हाताच्या पाठीवर चरबीची गादी, तिच्याखाली दोऱ्याएवढी शीर. त्यात तो हात सेकंदाला दोनदा झटका देतोय. एक सिस्टर कोपर धरते, दुसरी मनगट, डॉक्टर टॉर्च मागतात. शीर मिळते आणि फुटते. मग दुसरा हात, मग पाय, मग डोक्यावरची शीर. अभ्यासातलं रुग्णालय मोठं होतं, तिथले हात सरावलेले होते. रात्री अडीच वाजता तालुक्याच्या गावात, एकटा ड्यूटी डॉक्टर असताना, फरक दोन मिनिटांवर थांबत नाही.

आपल्याकडे आकडी आलेल्या माणसाच्या नाकाशी काही ना काही नेण्याची रीत जुनी आहे. फोडलेला कांदा हुंगवतात, चामड्याची वहाण हुंगवतात, आणि आजही बसस्टँडवर कुणी कोसळलं की गर्दीतून एक जण हमखास चप्पल काढतो. उपयोग शून्य. तरी ही रीत टिकली, कारण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपण थांबतात आणि श्रेय त्या क्षणी नाकाशी जे असेल त्याला मिळतं. गंमत अशी, की जागा बरोबर होती. वस्तू चुकीची होती.

नाकाला ही ताकद कुठून येते? नाकपुड्यांच्या आत, बाहेरच्या भिंतीवरून, हाडांच्या तीन वळकट्या निघतात. त्यांच्यामुळे एवढ्याशा पोकळीत खूप अस्तर मावतं. मोठ्या माणसात त्याचं क्षेत्रफळ दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडं जास्तच. हे अस्तर पातळ असतं आणि त्याच्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, कारण आत येणारी हवा गरम आणि दमट करायचं काम त्याच्याकडे आहे. औषधाला इथून रक्तात शिरायला फार लांब जावं लागत नाही. तपकीर ओढणाऱ्याला नुसत्या चिमटीत निकोटीनची तरतरी येते ती याच वाटेने.

दुसरा फायदा यकृताचा. गिळलेलं औषध आतड्यातून आधी यकृतात जातं आणि यकृत त्यातला बराच भाग मोडून टाकतं. मिडाझोलाम तोंडाने दिलं तर निम्म्याहून कमी औषध अखंड रक्तात पोचतं. नाकातलं रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे आणि तिथून मेंदूकडे जातं. नाकाच्या छतापासून, वासाच्या नसांवरून, औषध रक्तात न शिरताच मेंदूत चढतं असंही उत्साहाने सांगितलं जातं. आणीबाणीतल्या औषधांचं काम समजून घ्यायला त्या वाटेची गरज पडत नाही. रक्ताची वाट पुरेशी आहे.

मिडाझोलाम या वाटेसाठीच घडवल्यासारखं वाटतं, पण तसं नाही. १९७० च्या दशकात ते इंजेक्शन म्हणून तयार झालं. त्याच्या रेणूत एक कडं आहे. आम्लात ते कडं उघडतं आणि रेणू पाण्यात विरघळतो, म्हणून कुपीतलं द्रावण मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात. शरीरात आल्यावर आम्लता उतरते, कडं पुन्हा मिटतं, आणि तोच रेणू आता चरबीत विरघळणारा होतो. पेशींची आवरणं चरबीचीच असल्याने तो सर्रकन आरपार जातो. या गुणाची किंमतही मुलालाच मोजावी लागते : आम्लामुळे नाक अर्धं-पाऊण मिनिट सणकून चुरचुरतं. झटक्यात बेशुद्ध असलेल्या मुलाला त्याचं काही नसतं. पण टाके घालण्याआधी शांत करायला म्हणून शुद्धीतल्या मुलाला हेच औषध दिलं की ते किंचाळतं, आणि आईला कळत नाही की शांत करायचं औषध दिलंय की आणखी काही. आधी लिग्नोकेनचा फवारा मारला तर चुरचुर बरीच कमी होते. एवढं साधं पथ्य, तरी घाईत ते राहून जातं.

शस्त्रक्रियेआधी लहान मुलांना शांत करायला नाकातून मिडाझोलाम दिल्याचा अभ्यास १९८८ साली भूल तज्ज्ञांनी प्रसिद्ध केला होता. झटक्यांसाठी मात्र पुढची बरीच वर्षं शीर मिळेना की गुदद्वारातून डायझेपाम, हीच पद्धत होती. ते काम करतं, यात शंका नाही. पण आठ वर्षांच्या मुलीला शाळेच्या व्हरांड्यात आकडी आली तर तिच्या बाईंनी काय करावं? दिल्लीच्या एम्समध्ये मधुमिता भट्टाचार्य, वीणा कालरा आणि शेफाली गुलाटी यांनी या दोन वाटांची तुलना केली आणि २००६ साली प्रसिद्ध केली. ४६ मुलं, झटक्यांचे १८८ प्रसंग. औषध दिल्यापासून झटका थांबेपर्यंत नाकातल्या मिडाझोलामला सरासरी ११७ सेकंद लागली, गुदद्वारातल्या डायझेपामला १७९. म्हणजे सोय आणि वेग दोन्ही एकाच बाजूला होते, आणि हा पुरावा परदेशातला नव्हता.

तरीही ‘नाकातून दिलं, काही उपयोग झाला नाही’ असं सांगणारे डॉक्टर भेटतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांनी दिलेलं औषध बहुधा मुलाच्या पोटात गेलेलं असतं.

इथे थोडं गणित करावं लागेल. एका नाकपुडीला पाव ते तीन दशांश मिलिलिटर द्रव नीट पेलतो, ओढूनताणून एक मिलिलिटर. त्यापलीकडचं सगळं घशात उतरतं आणि मूल ते गिळतं. आता १५ किलोचं मूल घ्या. किलोला ०.२ मिलिग्रॅम या हिशेबाने त्याला ३ मिलिग्रॅम मिडाझोलाम लागेल. एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असलेली कुपी घेतली तर हे झाले ०.६ मिलिलिटर, प्रत्येक नाकपुडीत ०.३. उत्तम. पण मिडाझोलामची दुसरी कुपीही सर्रास मिळते, तिच्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच असतं. ती शिरेतून द्यायला सोयीची, म्हणून कपाटात पुढे तीच असते. तिच्यातून ३ मिलिग्रॅम काढायचे तर ३ मिलिलिटर भरले. एवढं पाणी दीड-दीड मिलिलिटर करून नाकात ओतलं तर मूल ठसकेल, गिळेल, आणि झटका चालूच राहील. दोष नाकाचा नाही, कुपीचा आहे. आणीबाणीच्या ट्रॉलीत नाकासाठीची कुपी वेगळी, चिठ्ठी लावून ठेवणं हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

हेच गणित मोठ्या माणसाला लावलं की लक्षात येतं, की ही वाट मुलांनाच जास्त का मानवते. फेंटानिल हे तीव्र वेदनेवरचं औषध किलोला दीड मायक्रोग्रॅम या मात्रेने नाकातून देतात आणि नेहमीच्या कुपीत मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम असतात. २० किलोच्या मुलाला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिलिटर. ८० किलोच्या बाप्याला २.४ मिलिलिटर. मुलाच्या नाकात बसतं, बापाच्या नाकात बसत नाही. मुलांच्या औषधोपचारात एरवी सगळं मोठ्यांसाठी बनतं आणि मग कापून-छाटून मुलांना दिलं जातं. इथे उलट आहे.

द्रव नाकात कसा जातो यावरही बरंच अवलंबून आहे. थेंब टाकले तर ते तळाशी ओघळ धरून घशाकडे जातात. सिरिंजच्या टोकाला बसवायची एक मऊ, शंकूच्या आकाराची फवारणी-टोपी मिळते. दट्ट्या जोरात दाबला की तीतून औषधाचं बारीक धुकं निघतं आणि ते वळकट्यांवर पसरून चिकटतं. टोपी नाकपुडीत घट्ट बसवायची आणि रोख सरळ वर नाही, तर किंचित बाहेर, त्याच बाजूच्या कानाच्या वरच्या टोकाकडे ठेवायचा. टोपीत सुमारे ०.१ मिलिलिटर औषध अडकून राहतं, तेवढं सिरिंजमध्ये जास्त भरून घ्यायचं. दट्ट्या हळूहळू दाबणं ही नवख्यांची नेहमीची चूक. बाळाला त्रास होऊ नये म्हणून ते हलक्या हाताने दाबतात, धुकं तयारच होत नाही आणि शेवटी थेंबच पडतात. एरवीच्या आयुष्यात चांगला असलेला स्वभाव इथे आडवा येतो.

वेदनेची गोष्ट झटक्यांपेक्षाही जास्त सांगण्यासारखी आहे, कारण झटका सगळ्यांना दिसतो आणि वेदना मुलाच्या रडण्यात धरली जाते. झाडावरून पडून कोपराजवळ हाड मोडलेलं मूल कॅज्युअल्टीत येतं. आधी केसपेपर, मग एक्स-रे, एक्स-रेसाठी तोच हात वळवायचा, मग हाडांचे डॉक्टर येईपर्यंत थांबायचं. ‘आता होईल हं’ हे औषध सगळीकडे मिळतं. इंजेक्शन द्यायचं म्हटलं तर मुलाला हातापेक्षा सुईची भीती जास्त, आणि पुष्कळ मुलं त्या भीतीने दुखत नाही असं सांगून मोकळी होतात.

ब्रिटनमधल्या आठ आपत्कालीन विभागांत ४०४ मुलांवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. हाड मोडलेली तीन ते सोळा वर्षांची ही मुलं. काहींना दंडात किंवा मांडीत मॉर्फीन टोचलं, काहींच्या नाकात डायमॉर्फीन फवारलं. फवाऱ्याने वेदना लवकर उतरल्या. पण माझ्या मते खरा निकाल दुसऱ्याच आकड्यात आहे. औषध घेताना काहीच त्रास झाल्याचं दिसलं नाही अशी मुलं फवाऱ्याच्या गटात ८० टक्के होती, सुईच्या गटात ९ टक्के. डायमॉर्फीन म्हणजे हेरॉइन. ब्रिटनमध्ये ते औषध म्हणून कायदेशीर आहे, बाकी बहुतेक देशांत नाही, त्यामुळे जगाला दुसरं काही शोधावं लागलं. ते ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मेरिडिथ बोरलंड यांच्या गटाने २००७ साली दाखवलं : लांब हाड मोडलेल्या सात ते पंधरा वर्षांच्या ६७ मुलांमध्ये नाकातलं फेंटानिल शिरेतल्या मॉर्फीनच्या तोडीचं ठरलं. फेंटानिल चरबीत सहज विरघळतं, फारसं चुरचुरत नाही, पाचेक मिनिटांत जाणवू लागतं. तासाभरात ते उतरतं हेही इथे सोयीचं आहे. तेवढ्यात एक्स-रे होतो, हाताला आधाराची पट्टी लागते, आणि मग शांत झालेल्या मुलाला सलाइन लावणं सोपं जातं.

भारतात अडचण कायद्याच्या कपाटाची आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ही औषधं इतकी जखडली की पुष्कळ रुग्णालयांनी ती ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर फेंटानिल आणि मॉर्फीनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. नियम सैल होऊनही भीती सैल झालेली नाही. कर्करोगाच्या रुग्णांची वेदना त्या भीतीपायी किती काळ दुर्लक्षित राहिली याबद्दल बोललं जातं. मोडक्या हाताच्या मुलांबद्दल बोललं जात नाही, कारण ती चार तासांत प्लास्टर घालून घरी जातात.

म्हणूनच आपल्या छोट्या रुग्णालयांसाठी मला फेंटानिलपेक्षा केटामीन जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच्यावरही निर्बंध आहेत, पण ज्या गावात शस्त्रक्रिया होते तिथे ते बहुधा असतंच, आणि भूल देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचा त्याच्यावर हात बसलेला असतो. २०१५ मध्ये मेलबर्नच्या आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या अभ्यासांत हातापायाला इजा झालेल्या मुलांना नाकातून कमी मात्रेत केटामीन दिलं, तेव्हा वेदना फेंटानिलइतकीच उतरली. चक्कर, गरगरणं, तोंडाला विचित्र चव असे त्रास केटामीनने जास्त दिसले, पण ते सौम्य होते आणि थोड्या वेळाने गेले. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमची कुपी आणि किलोला एक मिलिग्रॅम ही मात्रा धरली तर २० किलोच्या मुलाला ०.४ मिलिलिटर पुरतं. नाकाला हे प्रमाण आवडेल असंच आहे.

बाकीच्या औषधांची हजेरी थोडक्यात. डेक्समेडेटोमिडीन नाकाला झोंबत नाही आणि मूल नैसर्गिक वाटावं असं झोपतं, पण त्याला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून ते स्कॅनसाठी ठीक, झटक्यासाठी नाही. मधुमेही मुलाची साखर अचानक घसरली तर ग्लुकागॉनची पूड नाकात सोडता येते. अमेरिकेत तिला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ती हुंगावी लागत नाही, बेशुद्ध मुलाच्या नाकातही आपोआप शोषली जाते. अफूजन्य गोळ्या चुकून गिळलेल्या मुलासाठी नॅलॉक्सोनचा फवारा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिकडे ॲड्रेनॅलिनचा नाकातला फवाराही आला, आधी ३० किलोच्या वरच्यांसाठी आणि पुढच्या वर्षी १५ किलोच्या वरच्या मुलांसाठी. आपल्याकडे तीव्र ॲलर्जीच्या झटक्यावर मांडीतलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय आहे आणि तो लांबवण्याचं काही कारण नाही.

नाक कुठे दगा देतं तेही माहीत असावं. सर्दीने गच्च भरलेल्या किंवा घोळणा फुटलेल्या नाकात फवारा शेंबडावर किंवा रक्तावर बसतो. आधी नाक साफ करायचं, एकाच बाजूने रक्त येत असेल तर दुसरी बाजू वापरायची. नाक मोकळं करणारे थेंब नुकतेच घातले असतील तर त्यांनी रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि औषध कमी शोषलं जातं. चेहऱ्याला जबर मार असेल तर दुसरी वाट बघायची. आणि मूल आधीच निळं पडलंय, नाडी क्षीण आहे, तेव्हा नाकावर विसंबायचं नाही. रक्तच नीट फिरत नसेल तर अस्तरातून उचलणार कोण? अशा वेळी शीर मिळत नसेल तर नडगीच्या हाडात सुई घालतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण तो जीव वाचवणारा रस्ता आहे.

शिवाय सुई टोचली नाही म्हणून औषध सौम्य होत नाही. मिडाझोलाम आणि फेंटानिल दोन्ही श्वास मंदावू शकतात, आणि दोन्ही एकत्र दिली तर जास्तच. ऑक्सिजन, तोंडावर धरायचा मास्क आणि फुगा, आणि मुलाच्या छातीकडे बघत उभं राहणारं माणूस, एवढं जवळ असल्याशिवाय रुग्णालयात ती देऊ नयेत.

मग घरी मिडाझोलामचा फवारा कसा चालतो? तो फक्त झटक्यांसाठी, डॉक्टरांनी लिहून दिलेला, मुलाच्या वजनानुसार मोजलेला, एकाच मात्रेपुरता असतो. आणि हिशेब असा, की लांबलेला झटका त्या मात्रेपेक्षा श्वासाला जास्त धोकादायक आहे. तापातले झटके दर शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कधी तरी येतात, सहा महिने ते पाच वर्षं या वयात. बहुतेक वेळा फवाऱ्याची गरजच पडत नाही. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, आणि घड्याळ बघायचं. झटका पाच मिनिटांवर गेला की तो आपणहून थांबण्याची आशा सोडून औषध द्यायचं आणि १०८ ला फोन करायचा.

आपल्या बाजारातल्या बाटलीतून एका दाबाला सहसा अर्धा मिलिग्रॅम औषध निघतं. १५ किलोच्या मुलाला ३ मिलिग्रॅम द्यायचे तर सहा दाब झाले, तीन एका नाकपुडीत, तीन दुसऱ्या. पण सगळ्या बाटल्यांची ताकद सारखी नसते, म्हणून नवी बाटली घेतली की दाब किती ते डॉक्टरांकडून पुन्हा लिहून घ्यावं. बाटली पहिल्यांदा वापरताना सुरुवातीचे काही दाब नुसती हवा सोडतात, ते आधीच बाहेर दाबून काढायचे असतात. नाही तर ऐन वेळी मोजलेल्या सहांतले दोन-तीन वाया जातात. आणि मूल वाढतं. दोन वर्षांचं असताना लिहिलेला आकडा चौथ्या वर्षी कमी पडतो, तरी बाटलीवर चिकटवलेला कागद तोच असतो. वजन केलं की तो कागद बदलावा, आणि त्याची एक प्रत शाळेच्या बाईंकडे, एक आजीकडे द्यावी.